संलग्न महाविद्यालयात नवा अभ्यासक्रम आणि ऑनलाइन अध्यापन सुरू करताना: कामांचा योग्य क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दरवर्षी गणपतीची सुट्टी संपली की अनेक महाविद्यालयांच्या कार्यालयांत धावपळ सुरू होते. नव्या अभ्यासक्रमाचा प्रस्ताव विद्यापीठाकडे देण्याची मुदत तोंडावर आलेली असते, प्राचार्य दोन प्राध्यापकांवर काम सोपवतात, शेजारच्या एखाद्या महाविद्यालयाचा जुना प्रस्ताव मिळवला जातो आणि त्यातील नावे व आकडे बदलून तो रातोरात भरला जातो. असे प्रस्ताव मी स्वतः तयार केले आहेत आणि पुढे विद्यापीठाच्या समितीत बसून तपासलेही आहेत. अडचण बहुतेक वेळा अर्जात नसते. अर्ज भरण्याआधी जी कामे व्हायला हवी होती ती अर्ज मंजूर झाल्यानंतर सुरू झालेली असतात, आणि तोवर साठ विद्यार्थी वर्गात येऊन बसलेले असतात.

हा लेख महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांना संलग्न असलेल्या, स्वायत्त नसलेल्या वरिष्ठ महाविद्यालयांसाठी आहे. उदाहरण म्हणून तालुक्याच्या ठिकाणी ६० विद्यार्थ्यांचा बी.एस्सी. (संगणकशास्त्र) हा अभ्यासक्रम विनाअनुदान तत्त्वावर सुरू करायचा आहे, असे धरले आहे. विषय दुसरा असला तरी हिशेबाची पद्धत तीच राहते.

टप्पा १: नेमके काय सुरू करायचे आहे, ते एका वाक्यात लिहा

नवा पदवी अभ्यासक्रम, चालू पदवीत नवा विषय, चालू वर्गाची जादा तुकडी आणि अल्पमुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम या चार वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीचा अर्ज, शुल्क आणि मंजुरीचा मार्ग वेगळा असू शकतो. बैठकीत सर्वजण "नवा कोर्स" एवढेच म्हणत राहतात आणि प्रत्येकाच्या मनात वेगळा अर्थ असतो. म्हणून पहिल्याच बैठकीत पदवीचे पूर्ण नाव, विद्याशाखा, प्रवेश क्षमता आणि सुरू होण्याचे शैक्षणिक वर्ष असे एक वाक्य लिहून त्यावर सर्वांची संमती घ्यावी.

पदवीचे नाव मनाने ठरवू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदव्यांची अधिसूचित यादी केलेली आहे आणि तुमच्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने त्या नावाचा अभ्यासक्रम मंजूर केलेला असावा लागतो. जाहिरातीत आकर्षक दिसणारे, पण विद्यापीठाच्या यादीत नसलेले नाव प्रस्तावात घातले की छाननीत पहिली त्रुटी तिथेच निघते.

यानंतर नियामक संस्था कोणती, ते पाहावे. बी.बी.ए., बी.सी.ए. आणि बी.एम.एस. हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. ज्या महाविद्यालयांनी जुन्या सवयीने केवळ विद्यापीठाच्या परवानगीचा विचार केला, त्यांचा हिशेब चुकला. परिषदेची मान्यता, तिचे जागेचे व शिक्षकांचे निकष आणि सीईटी न दिलेला विद्यार्थी थेट प्रवेशाला मिळणार नाही ही शक्यता, या तिन्ही गोष्टी निर्णयाच्या आधीच पटावर असायला हव्यात.

तपासणी: लिहिलेले वाक्य विद्यापीठाच्या संलग्नता विभागात दाखवून "यासाठी कोणता विहित नमुना आणि कोणती मान्यता लागेल" असे लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर प्रस्ताव उभा करू नये.

टप्पा २: बृहत आराखडा आणि समितीचा ठराव

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मधील कलम १०७ नुसार प्रत्येक विद्यापीठ पाच वर्षांचा बृहत आराखडा आणि त्यातून वार्षिक आराखडा तयार करते. कोणत्या तालुक्यात कोणत्या प्रकारच्या शिक्षणाची गरज आहे, हे त्यात ठिकाणवार दिलेले असते. नव्या अभ्यासक्रमांच्या परवानगीची कार्यपद्धती कलम १०९ मध्ये आहे आणि ती या आराखड्याशी बांधलेली आहे. तुमचे ठिकाण आणि तुमचा अभ्यासक्रम आराखड्यात बसत नसेल, तर बाकी प्रस्ताव कितीही चांगला असला तरी तो पुढे सरकत नाही. आराखडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. त्यातील आपल्या तालुक्याचे पान छापून प्रस्तावाच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावावे.

इथे एक गोंधळ वारंवार दिसतो. इरादापत्राचा, म्हणजे शासनाच्या प्राथमिक संमतिपत्राचा, टप्पा नव्या महाविद्यालयासाठी असतो. चालू महाविद्यालयात नवा अभ्यासक्रम किंवा जादा तुकडी मागताना इरादापत्राची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तो अर्ज थेट विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे जातो आणि विद्यापीठाच्या शिफारशीने शासनाकडे पोहोचतो.

दुसरे काम महाविद्यालय विकास समितीचे आहे. कलम ९७ खालील या समितीने नव्या अभ्यासक्रमाची आणि त्यासाठी लागणाऱ्या पदांची शिफारस व्यवस्थापनाला करायची असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्रस्ताव आधी जातो आणि इतिवृत्तात ठराव मागाहून लिहिला जातो. तारखा जुळत नाहीत तेव्हा तपासणी समितीसमोर प्राचार्यांची अवस्था अवघड होते. त्याहून मोठे नुकसान असे की समितीत खरी चर्चाच होत नाही. शिक्षक प्रतिनिधीने "प्रयोगशाळा कुठे होणार" एवढा एक प्रश्न विचारला असता, तरी पुढचे वर्ष वाचले असते, अशी प्रकरणे मी पाहिली आहेत.

इशारा: ठरावात "नवीन अभ्यासक्रम सुरू करण्यास मान्यता" एवढेच लिहू नये. अभ्यासक्रमाचे नाव, प्रवेश क्षमता, सुरू होण्याचे वर्ष, लागणारी पदे आणि पहिल्या तीन वर्षांच्या खर्चाची तरतूद या सर्वांचा त्यात उल्लेख असावा.

टप्पा ३: मागणी मोजताना स्वतःची फसवणूक टाळा

गरज सिद्ध करण्यासाठी बहुतेक महाविद्यालये आपल्याच विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतात. "संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू झाल्यास आवडेल का?" या प्रश्नाला कोणीही नाही म्हणत नाही. शिवाय उत्तर देणारा विद्यार्थी द्वितीय वर्षात शिकत असतो. तो नव्या प्रथम वर्षात येणारच नसतो.

त्याऐवजी तीन आकडे गोळा करावेत. पहिला, एसटीने तासाभरात येता येईल एवढ्या अंतरावरील कनिष्ठ महाविद्यालयांतून बारावी विज्ञान शाखेत दरवर्षी किती विद्यार्थी उत्तीर्ण होतात आणि त्यांपैकी किती जणांचा गणित विषय असतो. अभ्यासक्रमाला गणिताची अट असेल तर हा दुसरा भाग निर्णायक ठरतो. दुसरा आकडा आजूबाजूच्या महाविद्यालयांत याच अभ्यासक्रमाला गेल्या तीन वर्षांत झालेल्या प्रत्यक्ष प्रवेशांचा. मंजूर क्षमता पाहून निष्कर्ष काढणे ही नेहमीची चूक आहे. ८० जागांच्या वर्गात ३१ मुले असू शकतात. तिसरा आकडा द्वितीय आणि तृतीय वर्षात टिकलेल्या विद्यार्थ्यांचा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारच्या रचनेमुळे आणखी एक प्रश्न आता आधीच सोडवावा लागतो. पदवीच्या काळात विद्यार्थ्याला कार्यप्रशिक्षण करायचे असते. ते ४ श्रेयांकांचे (क्रेडिट; इथे एका श्रेयांकाला ३० तास) धरले तर एका विद्यार्थ्यामागे १२० तास होतात. तालुक्याच्या गावात साठ मुलांना संगणकाशी संबंधित १२० तासांचे खरे काम कोण देणार? पतसंस्था, सहकारी बँक, साखर कारखाना, बाजार समिती, नगरपरिषद, रुग्णालय आणि स्थानिक सॉफ्टवेअर व्यवसाय यांची यादी करून किमान दहा ठिकाणांची संमतिपत्रे प्रस्तावाआधीच घ्यावीत. ही पत्रे मिळवताना जी बोलणी होतात, त्यांतूनच गावाला या पदवीधरांची गरज आहे की नाही, याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर मिळते.

टप्पा ४: अर्जाआधी वेळापत्रक मांडा

संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त दुर्लक्ष याच टप्प्याकडे होते, म्हणून इथे सविस्तर हिशेब देतो.

शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानंतर आणि त्यातील पुढच्या सुधारणांनंतर पदवीचे एक सत्र साधारण २० ते २२ श्रेयांकांचे असते. सिद्धान्ताचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास, म्हणजेच आठवड्याला एक तास. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास, आठवड्याला दोन तास.

समजा, पहिल्या सत्रात सिद्धान्ताचे १६ आणि संगणक प्रयोगशाळेचे ६ श्रेयांक आहेत. सिद्धान्ताचे आठवड्याला १६ तास होतात. प्रात्यक्षिकाचे एका बॅचमागे १२ तास होतात. ६० विद्यार्थी आणि २० जणांची एक बॅच धरली तर तीन बॅच होतात, म्हणजे प्रयोगशाळा आठवड्याला ३६ तास लागते. सोमवार ते शनिवार रोज सहा तास प्रयोगशाळा उघडी ठेवली तरी बरोबर ३६ तासच मिळतात. याचा अर्थ एकटे प्रथम वर्ष एक संपूर्ण प्रयोगशाळा व्यापून टाकते आणि त्यात एक सुट्टी, एक परीक्षा किंवा वीज गेलेली एक दुपार भरून काढायला जागा उरत नाही. दुसऱ्या वर्षी दुसरी तुकडी आली की दुसरी प्रयोगशाळा लागते, तिसऱ्या वर्षी तिसरी. प्रस्तावात मात्र "सुसज्ज संगणक प्रयोगशाळा: एक" असे लिहून आपण तीन वर्षांची परवानगी मागत असतो.

शिक्षकांचा हिशेबही असाच मांडावा. वरील सत्रात आठवड्याला १६ अधिक ३६, असे ५२ तास होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तासांचे आहे. भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, खुला ऐच्छिक अशा विषयांचे तास इतर विभागांकडे जातील हे खरे. पण त्या विभागांचा कार्यभार मोकळा आहे का, हे कोणी पाहिलेले नसते. सर्व तास धरले तर पहिल्या वर्षी साधारण चार आणि तीन वर्षे पूर्ण भरल्यावर दहा शिक्षकांचे काम तयार होते. कार्यभारात प्रात्यक्षिकाचा तास कसा मोजायचा याचे नियम विद्यापीठ आणि शासनाकडून तपासून घ्यावेत. नियमात तो कसाही मोजला, तरी वेळापत्रकात तो पूर्ण तासच अडवतो.

मी ज्या महाविद्यालयात काम केले तिथे आम्ही हा हिशेब परवानगी आल्यानंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात केला. ग्रंथालयातील लांब टेबलावर मोठा कागद पसरून पेन्सिलीने चौकटी भरत होतो. मंगळवारी सकाळी ११.२० ते १.२० या चौकटीत तीन नावे आली: प्रथम वर्षाची बॅच ब, अकरावीचा माहिती तंत्रज्ञान विषय आणि कार्यालयाने शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी मागितलेले संगणक. कागदावर २४ संगणक होते. त्यांतील १९ चालू होते. ती चौकट त्या वर्षभर कोणाला ना कोणाला नाराज करतच राहिली. सप्टेंबरमध्ये हाच कागद पसरला असता, तर आम्ही ४० जागाच मागितल्या असत्या.

तपासणी: पुढील तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत लिहिता येत नसतील, तर अर्ज भरू नये. तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेचे आठवड्याला किती तास लागतील आणि किती उपलब्ध आहेत? नेट, सेट किंवा पीएच.डी. ही अर्हता असलेले किती शिक्षक प्रत्यक्ष मिळू शकतील? तासिका तत्त्वावरील शिक्षक सत्राच्या मध्यात सोडून गेला, तर त्याचे तास कोण घेणार?

टप्पा ५: तीन वर्षांचा पैसा

विनाअनुदान अभ्यासक्रमाचे अंदाजपत्रक एका वर्षाचे करणे चुकीचे आहे, कारण पहिल्या वर्षी उत्पन्न एका तुकडीचे असते आणि उभारणीचा खर्च सर्वांत मोठा असतो. तीन स्तंभ आखावेत आणि प्रत्येक वर्षासाठी प्रवेश पूर्ण भरले, निम्मे भरले आणि एक तृतीयांशच भरले अशी तीन उत्तरे काढावीत. एक तृतीयांश प्रवेशांत शिक्षकांचे वेतन कोणत्या निधीतून जाईल, हे व्यवस्थापनाने लेखी सांगावे. शुल्क विद्यापीठाच्या शुल्कनिश्चितीनुसारच असावे लागते. वर्गात वीसच मुले आली म्हणून ते वाढवता येत नाही.

शिष्यवृत्तीचा मुद्दा स्वतंत्रपणे पाहावा, कारण त्याचा फटका थेट विद्यार्थ्याला बसतो. राखीव प्रवर्गातील आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांचे शुल्क शासनाकडून महाडीबीटी प्रणालीमार्फत मिळते. महाविद्यालयाच्या खात्यात नवा अभ्यासक्रम त्या प्रणालीवर नोंदवून मंजूर करून घेतला नसेल, तर विद्यार्थी अर्ज भरायला बसतो तेव्हा यादीत त्याच्या अभ्यासक्रमाचे नावच दिसत नाही. मग वर्गशिक्षक "थांब, येईल" म्हणतात, मुदत निघून जाते आणि डिसेंबरमध्ये कार्यालय त्याच विद्यार्थ्याकडे पूर्ण शुल्क मागते. शासनाची परवानगी आणि विद्यापीठाचे संलग्नीकरण हाती पडल्याच्या आठवड्यातच हे काम करावे आणि ते कोणत्या लिपिकाने करायचे, हे नावानिशी ठरवावे.

इशारा: शिष्यवृत्तीची प्रतिपूर्ती उशिरा येते. अंदाजपत्रकात ती त्याच वर्षीच्या रोख जमेत धरू नये.

टप्पा ६: प्रस्ताव, परवानगी आणि संलग्नीकरण

आता अर्ज. अधिनियमानुसार ज्या वर्षापासून अभ्यासक्रम हवा असेल त्याच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरपर्यंत तो कुलसचिवांकडे जायला हवा. मुदतवाढीची परिपत्रके कधी कधी निघतात; त्यांच्या भरवशावर राहू नये. सप्टेंबरपासून मागे मोजले तर टप्पा १ ते ५ साठी मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने मिळतात आणि ते पुरेसे आहेत.

शासनाची परवानगी आणि विद्यापीठाचे संलग्नीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीचा शासन निर्णय आला की फलक लावून प्रवेश सुरू करणारी महाविद्यालये आहेत. संलग्नीकरण मिळण्यापूर्वी प्रवेश देता येत नाहीत. ते नाकारले गेले किंवा लांबले, तर त्या विद्यार्थ्यांचे परीक्षा अर्ज अडकतात आणि वर्ष वाया जाण्याची वेळ येते. पालकांना तोंडी आश्वासनही देऊ नये.

समिती पाहणीला येते तेव्हा उसने संगणक आणून मांडण्याचा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. त्या संगणकांवर दुसऱ्या संस्थेच्या साठा नोंदवहीचे क्रमांक रंगवलेले होते. आम्ही ते टिपून घेतले. अहवालात ते आलेच. आहे ते दाखवावे आणि नाही ते कोणत्या तारखेपर्यंत होईल, याचे खरे हमीपत्र द्यावे. समितीला तफावत कळते आणि मुदतीची पूर्तता बहुधा मान्य होते.

टप्पा ७: ऑनलाइन म्हणजे काय, हे आधी वेगळे करा

"आमच्याकडे ४० टक्के ऑनलाइन चालते" हे वाक्य मी अनेक प्राचार्यांकडून ऐकले आहे. त्यात दोन वेगळे नियम एकत्र झालेले असतात.

पहिला नियम स्वयंम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाचा. आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील एकूण अभ्यासविषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थी स्वयंम मंचावरून पूर्ण करून त्यांचे श्रेयांक आपल्या पदवीत जमा करू शकतो. इथे शिकवणारा आणि परीक्षा घेणारा बाहेरचा असतो. दुसरा, मिश्र अध्यापनाचा. मे २०२१ मध्ये आयोगाने मांडलेल्या मसुद्यात स्वयंम वगळता प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला वर्गात शिकवण्याची कल्पना आहे. इथे शिकवणारे तुमचेच प्राध्यापक असतात. दोन्ही ठिकाणी आकडा ४० असल्यामुळे घोटाळा होतो. पण पहिल्यात विषयांची संख्या मोजायची असते, दुसऱ्यात एका विषयातील तास. दोन्हींची अंमलबजावणी तुमच्या विद्यापीठाने कशी स्वीकारली आहे, ते त्याच्या परिपत्रकात पाहावे.

तिसरी गोष्ट संपूर्ण ऑनलाइन पदवीची. तिच्यासाठी आयोगाचे २०२० चे मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे विनियम आहेत आणि पात्र संस्थेला आयोगाची स्वतंत्र मान्यता लागते. संलग्न महाविद्यालयाने आपल्या चालू पदवीचे वर्ग घरून घेऊन त्याला "ऑनलाइन पदवी" म्हणणे गैर आहे. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला खरोखरच दूरशिक्षण हवे असेल, तर त्याला मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाकडे पाठवणे हेच प्रामाणिक मार्गदर्शन होय.

टप्पा ८: स्वयंमचे विषय जोडताना

क्रम असा ठेवावा. सत्र सुरू होण्याच्या दोन महिने आधी स्वयंमची आगामी यादी उघडून विषयवार निवड करावी. स्वयंमवरील एनपीटीईएल (आयआयटी व आयआयएस्सीचा उपक्रम) या संस्थेच्या विषयांत चार आठवड्यांचे १, आठ आठवड्यांचे २ आणि बारा आठवड्यांचे ३ श्रेयांक असे साधारण प्रमाण आहे. तुमच्या विद्यापीठाचा विषय ४ श्रेयांकांचा असेल, तर ३ श्रेयांकांचा विषय घेऊन उरलेल्या एका श्रेयांकाचे काय, हे आधी ठरवावे लागते. निवडलेल्या विषयांना विद्यापीठाच्या सक्षम प्राधिकरणाची मान्यता घ्यावी आणि ती आल्यावरच विद्यार्थ्यांना सांगावे. प्रत्येक विषयाला महाविद्यालयातील एक मार्गदर्शक शिक्षक नेमावा.

यापुढची चूक सर्वांत जास्त विद्यार्थ्यांना भोवते. स्वयंमवर विषयाला नाव नोंदवणे मोफत आहे आणि परीक्षेची नोंदणी वेगळी आहे. तिचे शुल्क वेगळे आणि मुदतही वेगळी. विद्यार्थी नाव नोंदवतो, चित्रफिती पाहतो, स्वाध्याय भरतो आणि परीक्षेचा अर्ज भरायचा राहून जातो. परीक्षा न दिल्यास श्रेयांक मिळत नाहीत. मार्गदर्शक शिक्षकाने परीक्षा नोंदणीच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी प्रत्येक विद्यार्थ्याची पावती स्वतः पाहावी. आम्ही वर्गाच्या हजेरीच्या यादीवरच एक जादा रकाना आखला होता आणि पावती पाहिल्याशिवाय त्यात खूण करत नव्हतो. त्या सत्रात एकाही विद्यार्थ्याचा अर्ज राहिला नाही.

वेळापत्रकांचा मेळ हा दुसरा सापळा. स्वयंमची सत्रे आपल्या विद्यापीठाच्या सत्रांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि परीक्षा ठरावीक केंद्रांवर प्रत्यक्ष हजर राहून द्यावी लागते. केंद्र जिल्ह्याच्या गावी असेल तर तालुक्यातील मुलीला सकाळच्या पाळीसाठी आदल्या रात्री निघावे लागते, आणि तिच्या घरून परवानगी मिळेलच असे नसते. केंद्र किती दूर आहे आणि गाडी किती वाजता पोहोचते, हे पाहूनच विषय सुचवावा. शेवटच्या सत्रातील विद्यार्थ्यांना असा विषय घ्यायला सांगू नये, कारण स्वयंमचा निकाल लांबला तर पदवीचा निकालही अडून राहतो.

श्रेयांक जमा होतात ते ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या विद्यार्थ्याच्या ऑनलाइन श्रेयांक-खात्यात. त्यासाठी विद्यार्थ्याचा अपार (शैक्षणिक ओळख) क्रमांक तयार असावा आणि बारावीची गुणपत्रिका, आधार व स्वयंमवरील नाव एकसारखे असावे. आडनाव आधी की नंतर एवढ्या फरकानेही जुळणी अडते. प्रवेशाच्या दिवशीच, विद्यार्थी समोर असताना, हे तपासून घ्यावे.

टप्पा ९: स्वतःचे ऑनलाइन तास

इथे मी एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: ऑनलाइन नेण्याचा भाग विषयाच्या स्वभावावरून निवडावा. प्राध्यापक शनिवारी बाहेरगावी जातात म्हणून शनिवारचे तास ऑनलाइन करणे, ही निवड नव्हे. प्रोग्रॅमिंगमधील एखाद्या संकल्पनेचे २० मिनिटांचे स्पष्टीकरण ध्वनिचित्रफितीत उत्तम बसते, कारण विद्यार्थी ते थांबवून पुन्हा पाहू शकतो. त्यानंतरचा चुका शोधण्याचा तास मात्र प्रयोगशाळेत, शिक्षक शेजारी उभा असतानाच व्हावा.

विद्यार्थ्याकडे काय आहे, ते प्रत्यक्ष विचारावे. मध्यम दर्जाची चित्रफीत तासाभर पाहिली की साधारण अर्धा जीबी डेटा जातो. रोज दीड जीबी मिळणाऱ्या आणि घरातील दोन भावंडांत वाटून घेतलेल्या मोबाइलवर दिवसाला तीन तास चालत नाहीत. म्हणून थेट तासांची संख्या कमी ठेवून लहान चित्रफिती, मजकुराच्या फाइली आणि ध्वनिफिती द्याव्यात; त्या महाविद्यालयाच्या वायफायवर एकदा उतरवून घेता येतील अशी सोय करावी. दृष्टिबाधित विद्यार्थी असेल तर पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र त्याच्या उपयोगाचे नसते, खरा मजकूर द्यावा लागतो.

साहित्य एकाच ठिकाणी असावे. मूडलसारखी मोफत प्रणाली चालवायला माणूस असेल तर ती घ्यावी. नसेल तर गूगल क्लासरूम पुरेसे आहे. व्हॉट्सॲप गट सूचनांसाठी ठीक असतो, पण त्यावर टाकलेल्या टिपणांचा पंधरा दिवसांनी पत्ता लागत नाही आणि प्राध्यापक बदलला की सत्राचे साहित्यही त्याच्यासोबत जाते. खाते महाविद्यालयाच्या नावाचे असावे, प्राध्यापकाच्या वैयक्तिक ईमेलचे नसावे. चित्रफितींवर हक्क कोणाचा आणि प्राध्यापक सोडून गेल्यावर त्या वापरता येतील का, याचा करार नेमणूकपत्रासोबतच करावा. दुसऱ्याच्या पुस्तकाची पाने स्कॅन करून संकेतस्थळावर खुली ठेवू नयेत.

तपासणी: सत्राआधी एका साध्या अँड्रॉइड मोबाइलवर, महाविद्यालयाच्या वायफायपासून दूर, एखाद्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्याचे सर्व साहित्य उघडायला सांगावे आणि शेजारी बसून पाहावे. तो जिथे अडखळतो तिथे दुरुस्ती करावी. त्याला समजावून सांगत बसू नये.

टप्पा १०: पहिल्या सत्रातील तीन तारखा

पहिल्या सत्राच्या दिनदर्शिकेत तीन तारखा आधीच लिहाव्यात. चौथ्या आठवड्यात प्रत्येक विषयाचे झालेले तास आणि नियोजित तास शेजारी मांडावेत. तफावत याच वेळी भरून काढता येते. आठव्या आठवड्यात वर्गात येणे बंद केलेल्या विद्यार्थ्यांची यादी करून त्यांच्या घरी फोन करावा. बऱ्याचदा कारण अभ्यास नसतो. शुल्काचा हप्ता, एसटीची बदललेली वेळ किंवा शेतीचा हंगाम असतो, आणि यांपैकी निदान दोन गोष्टींवर महाविद्यालयाला काही करता येते. सत्र संपण्याच्या तीन आठवडे आधी महाविद्यालय विकास समितीसमोर प्रवेश, तास, शिक्षक, प्रयोगशाळा आणि खर्च यांचा लेखी आढावा ठेवावा. टप्पा ४ मध्ये पेन्सिलीने भरलेला तो कागद या बैठकीत पुन्हा पसरावा आणि दुसऱ्या वर्षाच्या चौकटी त्याच कागदावर, त्याच दिवशी भरायला घ्याव्यात.